शेखरच्या नावाची पट्टी

मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटरचं काम करतो" एवढंच सांगते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर ज्ञानेश दशक्रियेचे आवाज परदेशात पोचवतो. सकाळी गोदावरीच्या काठी कोणाच्या तरी दहाव्याला तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो. तिथलं प्रवचन, मंत्र, रडणं, श्रद्धांजलीची भाषणं हे सगळं त्याच वेळी दुबईत, लंडनमध्ये, जिथे कोणी यायचं राहून गेलं असेल तिथे ऐकू जातं. सांगून येणाऱ्या मुलीच्या वडिलांना हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. सत्ताविसावं सरत आलंय त्याला.

हे सुरू झालं त्याच्या वडिलांच्या दहाव्यापासून. सिंहस्थाच्या वर्षी, २००३ साली, हे गेले. माझी मोठी मुलगी सुवर्णा नुकतीच मस्कतला गेली होती आणि दिवस भरत आल्यामुळे तिला विमानात बसू देईनात. रामकुंडावर तिच्या मामानं मोबाइल उंच धरला, हात दुखला तर या हातातून त्या हातात घेतला. नंतर ती फोनवर रडत म्हणाली, "आई, नुसती खरखर ऐकू आली गं. गुरुजी काय म्हणाले, बाबांबद्दल कोण काय बोललं, काहीच कळलं नाही. नुसता वारा." ज्ञानेश माझ्या शेजारीच उभा होता. घरात तो फार बोलत नाही, पण ऐकतो सगळं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून तो रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात लागला. लोकांच्या जुन्या कॅसेट सीडीवर उतरवून द्यायचं काम. तिथे एक मोठं मिक्सर होतं, त्यावर इतकी बटणं की मला बघूनच धास्ती वाटायची. मग २००८ मध्ये कधीतरी त्यानं इंटरनेटवरून एक साधं सॉफ्टवेअर उतरवलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानं मला ते दाखवलं. इतक्या उत्साहानं तो माझ्याशी कितीतरी दिवसांनी बोलत होता.

"आई, हे बघ. एका आवाजाला एक पट्टी. ही तू, हा मी, हे गाणं. पट्टी वर सरकवली की आवाज मोठा, खाली आणली की लहान. नकोच असेल तर खाली हे बटण. म्यूट. लाल झालं की तो माणूस बंद."

"एवढंच?"

"एवढंच. सगळे आवाज एकत्र होतात आणि इंटरनेटवर जातात. ज्याच्याकडे लिंक आहे तो जगात कुठेही ऐकतो. आणि त्याच वेळी ऐकायला जमलं नाही, तर रेकॉर्डिंग साइटवर ठेवायचं. त्याला पॉडकास्ट म्हणतात. चल, माइकमध्ये बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं."

समोर पेपर होता, त्यातलं भारनियमनाचं वेळापत्रक मी वाचून दाखवलं. पंचवटी विभाग, सकाळी इतके ते इतके. पडद्यावर माझ्या नावाच्या पट्टीत हिरवे दिवे वर-खाली नाचले. ज्ञानेश हसला. म्हणाला, "छान आवाज आहे तुझा. रेडिओवर जायला हवी होतीस." मग त्यानं हेडफोन कानाला लावले आणि पुन्हा आपल्या जगात गेला.

त्यानंतर त्याला कामं मिळत गेली. नाशिकच्या आसपासच्या गावांतली मुलं बाहेर फार गेली आहेत, त्यामुळे काम कमी पडलं नाही. पण तिथे कोणी त्याला नावानं ओळखत नाही. "ओ लॅपटॉप, तुमची वायर काढा, पाय अडकतो," असं म्हणतात. विधी संपला की लोक जेवायला बसतात. आग्रह करतात, पण हा जेवत नाही. वायरी गुंडाळून घरी येतो, आंघोळ करतो आणि खोलीत जाऊन रेकॉर्डिंग साइटवर चढवत बसतो. दुसऱ्यांच्या दुःखात बसून बसून माझ्या मुलाचं काय होईल, ही काळजी मी कोणाला सांगू? सुवर्णाला सांगितली तर ती म्हणते, "आई, त्याच्यासारखं काम कोणीतरी करायला हवं होतं. मला विचार."

गेल्या वर्षी, २००९ च्या फेब्रुवारीत, सायखेड्याच्या कुसाबाई गेल्या. पंचवटीच्या भाजीबाजारात त्या मेथी-कोथिंबीर घेऊन बसायच्या. वीस-बावीस वर्षं मी त्यांच्याकडूनच भाजी घेत आले. शेजारी त्यांची मुलगी झुंबरबाई जुड्या बांधत असायची. झुंबरबाई पन्नाशीच्या पुढची. लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आली ती आली, पुन्हा गेली नाही. तिचा धाकटा भाऊ शेखर तिनेच कडेवर वाढवला. तो शिकला, इंजिनियर झाला आणि मेलबर्नला गेला. आईच्या आजारपणात येऊन गेला होता, पण ती गेल्यावर लगेच पुन्हा रजा मिळेना. म्हणून त्यानंच ज्ञानेशला फोन केला. अग्नी दिला होता चुलत भावानं, कारभारीनं. दहाव्याचा विधीही तोच करणार होता.

कुसाबाई माझ्या ओळखीच्या, म्हणून मीही ज्ञानेशच्या मोटरसायकलवर मागे बसून सायखेड्याला गेले. घाटावर तीन-चारशे माणूस होतं. ज्ञानेशनं एक माइक प्रवचनकार महाराजांपुढे ठेवला, एक गुरुजींजवळ, आणि एक स्वतःकडे ठेवला. पडद्यावर चौथी पट्टी होती, तिच्यावर त्यानं नाव टाकलं होतं, शेखर. इंटरनेटवरच्या फोनवरून शेखर थेट जोडलेला होता. शेवटी तो दोन शब्द बोलणार होता आणि ते घाटावरच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येणार होते. ज्ञानेशनं त्याला आधीच बजावलेलं मी ऐकलं, "तुम्ही बोलताना तुमच्याकडचा स्पीकर बंद करा हं. नाहीतर तुमचाच आवाज फिरून येतो आणि घुमतो. बोलून झालं की परत चालू करा."

प्रवचनाच्या मध्येच शेखरकडून लहान मुलाचं रडणं आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. ज्ञानेशनं बटण दाबून तो बंद केला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण तेव्हा त्यात विशेष असं काही वाटलं नाही.

पिंड ठेवले. माणसं मागे सरकली. समोर बाभळीवर दोन कावळे होते. एक उतरला, पिंडाभोवती फिरला आणि उडून परत फांदीवर बसला.

कारभारी हात जोडून पुढे झाला. "काकू, झुंबरआक्काची फिकीर करू नका. आम्ही हाये ना. आमच्या घरात एक खोली देऊ तिला. मीठभाकरीला कमी पडू देनार नाय."

कावळा हलला नाही.

मागे बायकांमध्ये कुजबुज झाली. "खोली देतो म्हनं. अन् तिचं घर?" "घरावर तर डोळा हाय त्याचा." एकीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, सांगता येईना.

नातवंडांच्या नावानं सांगून झालं, बांधावरच्या आंब्याच्या नावानं सांगून झालं. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू या. किती वेळ थांबणार?" तेव्हा गावातले म्हातारे पुंजाबाबा काठी टेकत पुढे आले. "थांबा हो गुरुजी. तिचा जीव कुठं आडकलाय ते काय सांगाया पायजे का? पोराला बोलवा. हाय ना तो त्या डबड्यात? त्याला म्हनावं, बोल."

सगळ्या माना ज्ञानेशकडे वळल्या. झुंबरबाई पिंडाच्या बाजूला उभी होती. तिनेही मान वळवली. ज्ञानेशनं बोटानं पट्टी वर सरकवली आणि माइकमध्ये म्हणाला, "शेखरभाऊ, बोला."

स्पीकरमधून काहीच आलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडलं होतं. त्यानं पट्टी आणखी वर सरकवली, हेडफोन हातानं कानावर दाबून धरले. नाहीच. कोणीतरी म्हणालं, "पोरगं गेलं वाटतं झोपायला." कारभारी खाली बघून मिशीला हात लावत होता.

मग ज्ञानेश बोलला. "स्पीकरवर आवाज येत नाहीये. मला हेडफोनमध्ये ऐकू येतोय. मी सांगतो. ते म्हणताहेत..." त्याची नजर झुंबरबाईकडे गेली. "म्हणताहेत, आई, आक्काची काळजी करू नको. ती आहे त्याच घरात राहील. तिला कोणी हलवणार नाही. दर रविवारी मी तिला फोन करीन."

मी त्याची आई आहे. तो ऐकून सांगत असला की त्याची मान एका बाजूला कलते, लहानपणापासूनची सवय आहे ती. त्या वेळी मान सरळ होती.

आणि कावळा शिवला. फांदीवरून सरळ खाली आला आणि पिंडावर चोच मारली. "शिवला, शिवला!" असा घाटभर गलका झाला. झुंबरबाई मटकन खाली बसली आणि आईच्या नावानं हेल काढून रडू लागली. पुंजाबाबा म्हणाले, "बघा. शेवटाला पोटचं ते पोटचंच."

घरी आल्यावर ज्ञानेशनं आंघोळ केली, खोलीत गेला, नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंग चढवलं आणि नेहमीप्रमाणे लिंक शेखरला पाठवून दिली. सवयीनं हात चालले असणार. आपण स्वतःच्या आवाजात काय बोललो आहोत ते त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्या फोनवर शेखर होता. मीच उचलला. अगदी अदबीनं बोलला. "काकू, तुम्ही आईकडून भाजी घ्यायचात ना? आई सांगायची. ज्ञानेश आहे का?" त्यानंतर मला फक्त ज्ञानेशचं ऐकू येत होतं. "हो... नाही... मला वाटलं तुम्ही लाइनवर नाही... काय? कधी?" मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. मान कललेली होती.

फोन ठेवून तो लॅपटॉपकडे गेला. पुन्हा पुन्हा तीच जागा लावून ऐकत होता. मी दारात उभी राहिले.

"काय झालं रे?"

"ते बोलले होते, आई."

"कोण?"

"शेखरभाऊ. मी त्यांना म्यूट केलं होतं ना, ते काढायचं विसरलो. नुसती पट्टी वर करत राहिलो. लाल बटण उन्हात दिसलंच नाही. ते तिकडे बोलत होते."

"मग काय बोलले ते?"

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "म्हणाले, आई, आक्काचं माझ्याच्यानं होणार नाही. तुला खोटं सांगून पाठवत नाही. मला मोकळं कर. एवढं बोलले आणि त्यांनी त्यांच्याकडचा स्पीकर चालू केला, तर त्यांना ऐकू आलं, शिवला शिवला. त्यांना वाटलं आईनं मोकळं केलं. रात्रभर रडले म्हणे. बरं वाटलं म्हणे रडून. आणि सकाळी रेकॉर्डिंग ऐकलं."

शेखरचा तो आवाज कुठेतरी राहिला असेल म्हणून ज्ञानेश शोधत होता. पण बंद केलेल्या पट्टीचा आवाज त्या सॉफ्टवेअरमध्ये साठत नाही. जे बाहेर जातं तेवढंच राहतं. शेखर आईशी खरं बोलला होता आणि ते एकाही माणसानं ऐकलं नव्हतं.

शेखर रागावला होता आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात निम्मा वाटा त्याचा. कारभारीला ते घर द्यायचं त्यानं मनात जवळजवळ ठरवलं होतं. झुंबरबाईला कारभारीकडे एक खोली मिळेल, तिच्याकडे कोणीतरी बघेल, त्याच्या डोक्यावरचं ओझं जाईल. आता सगळ्या गावासमोर त्यानं शब्द दिलेला होता आणि तो त्यानं दिलेलाच नव्हता. ज्ञानेशला म्हणाला, "मला बांधलंत तुम्ही. आता तुम्हीच जाऊन सांगा."

त्या आठवड्यात मला एकच धास्ती होती. दहाव्याची चेष्टा केली म्हणून गावानं याला धरून मारलं तर? कोणी पोलिसात गेलं तर? मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर." तो नको म्हणाला नाही.

आधी झुंबरबाईला सांगू, मग पुंजाबाबांना, असं ठरलं. झुंबरबाई घरामागच्या वाफ्यात कोथिंबीर उपटत होती. आम्हाला बघून उठली, हात लुगड्याला पुसले. "या ना. रविवारी फोन यायचा शेखरचा. मी फोन पुसूनबिसून ठेवलाय," असं म्हणून तीच हसली. ज्ञानेशचा चेहरा मला बघवेना.

त्यानं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत. म्यूटचं बटण तिला कळलं नाही, तेव्हा त्यानं ओंजळीनं स्वतःचं तोंड झाकून दाखवलं. असं, म्हणाला. ते बोलत होते आणि मी असं करून ठेवलं होतं.

ती पुन्हा खाली बसली. कोथिंबिरीची एक जुडी बांधली. दुसरी घेतली.

"मंग कावळा कशानं शिवला रं?"

"माहीत नाही, आक्का."

"त्याच्या बोलन्यावर शिवला का तुझ्या?"

"दोघं एकाच वेळी बोलत होतो."

तिनं जुडी बाजूला ठेवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. "तो लहानपनापासून खोटं बोलत नाय," ती म्हणाली. "आंबा खाल्ला तर खाल्ला म्हनायचा, मार खायचा." मग घराकडे बघून म्हणाली, "दहाव्यापासनं कारभारी या दारातून आत आला नाय. आधी रोज यायचा, कुठली भिंत पाडायची ते सांगायला. आता बायका म्हनत्यात, झुंबर, तुला भाऊ हाय. तवा तू हे सांगू नको कोनाला."

ज्ञानेश म्हणाला, "अहो पण शेखरभाऊंनीच सांगायला सांगितलंय."

"त्याला म्हनावं, गावात ये अन् घाटावर उभा राहून सांग. सांगितलं तर मी सोडते घर. तो यायचा नाय, अन् फोनवरून त्याला हे जमायचं नाय." मुळांची माती झटकत म्हणाली, "रविवारी फोन वाजला पायजे पन. आळीतल्या बाया बसनार हायेत ऐकायला. ज्यानं शब्द काढला त्यानं वाजवायचा."

मी मध्ये पडले. "झुंबरबाई, अहो हे किती दिवस चालणार? उद्या कळलं म्हणजे?"

"तुम्हाला पोरगा हाय ताई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना तिनं माझ्या पिशवीत दोन जुड्या टाकल्या आणि ज्ञानेशला म्हणाली, "अन् आता इकडं येत जाऊ नको. लोकं इचारतील, हा का येतो."

ज्ञानेशनं शेखरला तिचा निरोप जसाच्या तसा कळवला. तिकडून उत्तर आलं नाही. शेखर गावात आला नाही, त्यानं गावाला काही कळवलंही नाही. बहिणीला त्यानं फोन केला की नाही ते मला माहीत नाही. झुंबरबाई अजून त्याच घरात आहे.

तेव्हापासून रविवारी दहा वाजता आमच्या घरातून सायखेड्याला फोन जातो. ती ओट्यावर बसून बोलते, आळीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, त्यामुळे मला स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येतं. "हां शेखर! जेवलास का? पोरगं शाळंत जातं का? थंडी हाय का तिकडं?" आणि माझा मुलगा म्हणतो, "हो आक्का. जेवलो. जातो शाळेत. आहे थंडी." नाशिकच्या एप्रिलमध्ये घामानं निथळत तो थंडी आहे म्हणतो. मी दोनदा म्हटलं, "अरे, एखाद्या रविवारी चुकव ना. हळूहळू बंद होईल." तो म्हणाला, "आई, त्या फोन मांडीवर घेऊन बसलेल्या असतील." मामांनी एक स्थळ आणलं होतं, त्यांना रविवारी सकाळचीच वेळ सोयीची होती. ज्ञानेशनं दुपारची मागितली. ते लोक पुन्हा आले नाहीत.

दशक्रियेची कामं तो अजून करतो. दूरच्या माणसाला बोलायचं असेल तर पडद्यावर छत्री धरायला माणूस ठेवतो. घरात पूर्वीपेक्षाही कमी बोलतो. कधी कधी मला वाटतं, आठवड्याभराचं त्याचं बोलणं त्या रविवारीच संपून जातं, आणि तेही दुसऱ्याच्या नावानं.

गेल्या दिवाळीत भाऊबीज मंगळवारी आली होती. सुवर्णाचा मस्कतहून फोन येऊन गेला होता, तिनं तिकडून ओवाळलं, त्यानं इकडून "हो, पोचलं" म्हटलं. चंद्रकोर नुकतीच मावळली होती. भाऊ नसलेल्या बायका तिला ओवाळतात, ते गच्च्यांवरचं ओवाळणंही आटोपलं होतं. तेवढ्यात ज्ञानेशचा मोबाइल वाजला, झुंबरबाईचा. रविवार नव्हता आणि ती कधी आपणहून फोन करत नाही. मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवून कान दिला, म्हटलं आता ओरडेल, शेखर, भाऊबीजेचा का नाही आलास.

तशी हाक आलीच नाही. ती इतक्या हळू बोलत होती की मला एक शब्द कळेना. ज्ञानेश एकदम उभा राहिला. म्हणाला, "हो आक्का, ज्ञानेशच बोलतोय." मग मान एका बाजूला कलती करून तो खोलीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

मी गॅस बारीक केला आणि थांबून राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, बराच वेळ, एका लयीत. माझ्याशी इतकं सलग तो शेवटचं कधी बोलला, ते मी आठवत होते. दारापाशी जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण गेले नाही.